वेळ कुठे जातो?

खोतकाका कबड्डीचे समालोचक. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. आता मेंदूत बसवलेलं यंत्र त्यांच्या मनातले शब्द त्यांच्याच आवाजात बोलून दाखवायचं. पण साध्या प्रश्नाचंही उत्तर यायला इतका उशीर व्हायचा, की काकू वाट न पाहता चहा आणून ठेवायच्या आणि काका उत्तर अर्ध्यातच सोडून द्यायचे.

शब्दांचा शोधच संथ आहे, अशी प्रोग्रामर रेणुकाची खात्री होती. महिनाभर खपून तिने तो भाग दुप्पट वेगवान केला. फरक शून्य! आता मोठं यंत्र बसवायचं, म्हणजे पुन्हा कवटी उघडायची. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

"वेळ नेमका कुठे जातो, ते मोजलंस का?" तिची सहकारी तस्नीम म्हणाली.

"मोजायचं काय त्यात? दिसतंय की!"

तरी रेणुकाने काकांच्या घरी जाऊन यंत्राला मोजणी लावली. "काकू, चहाचं विचारा आणि आज उत्तराची वाट बघा."

पडद्यावर रेघा उमटू लागल्या. 'हो' क्षणार्धात सापडला होता. काकांनी तो मनातच नाकारला. 'आण' नाकारला, 'चालेल'सुद्धा नाकारला. सगळा वेळ त्या नकारांतच जात होता. रेणुका थक्क होऊन बघत असतानाच स्पीकर दणाणला, "सौभाग्यवती मैदानात! हाती कपबशी, समोर तहानलेला गडी, आणि... पकड!"

काकू हसता हसता रडू लागल्या. "अहो, आलात की हो तुम्ही परत!"

रेणुकाने डोळे पुसत शस्त्रक्रिया रद्द करायला रुग्णालयात फोन लावला.

"कारण काय लिहू?" पलीकडून विचारणा झाली.

"लिहा, पेशंट शब्द निवडून बोलतोय."