सोनाजीचं बोट

भोपळ्याच्या वेलावरचं आणखी एक डांगर गळालं, आणि पुंजारामनं सरळ भिंतीपलीकडं पाहिलं.

शेजारचा सोनाजी तोंडात दातण धरून उभा होता. नजर वेलावर.

“गळालं का, भाऊ?”

आता बघा, लिंबाएवढं डांगर पानाखाली गळतं, ते घरच्या माणसालाही वाकून शोधावं लागतं. याला पलीकडून कसं कळलं? पुंजारामनं ते मनात बांधून ठेवलं.

“तुला बरं दिसतं सगळं.”

“एक सांगू का?”

“नको.”

सोनाजीचं एक अक्षर ऐकायचं नाही, हे त्यानं श्रावणातच ठरवलं होतं. वेलाला पहिलं फळ दिसलं तेव्हा या गड्यानं भिंतीवरून हात काढून सरळ बोट दाखवलं होतं. “ते बघा, लागलं!” कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे त्याच्या गावी, पिशोरात, शेंबडं पोरही सांगेल. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवावं. खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढं ठाऊक नसेल? दोन दिवसांत ते फळ पिवळं पडलं. मग रांगच लागली.

साधं डांगर असतं तर पुंजारामनं सोडून दिलं असतं. पण बी त्याच्या आईचं होतं, राखेत घोळून गाडग्यात जपलेलं. पिशोरात भावांनी केव्हाच पाकिटाचं बी धरलं. उरल्यासुरल्या बिया पुंजारामनं शहरात, छावणीतल्या घरामागं लावल्या, त्यातली एकच उगवली. यंदा या वेलावर एक तरी डांगर पिकलं नाही, तर आईचं बी जगातून गेलं.

म्हणून त्याचा जीव वेलात होता. खत शेणाचं, फवारा आंबट ताकाचा, औषधाचा थेंब नाही. पहाटे त्या हिरव्या पसाऱ्यात उकिडवं बसलं की गुडघे दुखायचेसुद्धा विसरत.

शिवाय न्याहारी तिथंच पिकायची. वेलावर दोन तऱ्हेची फुलं. काहींच्या बुडाशी गोटीएवढं डांगर, बाकीची नुसती लांब दांड्यावर डुलणारी, वांझोटी. ती वेलाची ताकद फुकट खातात, म्हणून पुंजाराम ती उन्हं यायच्या आत वेचून घ्यायचा. एकही सोडायचा नाही. चतुराबाई ती बेसनात बुडवून तळायची. कुरकुरीत, पिवळीधमक भजी!

“हाटेलात मिळंल का असलं?” तो विचारायचा.

“हाटेलवाल्याला येवढं पहाटं उठवंल कोण?” चतुराबाई म्हणायची.

नजर उतरावी म्हणून पुंजारामनं वेलाच्या मांडवाला फाटका जोडा बांधला. लिंबू-मिरची टांगली. भिंतीच्या अंगानं बायकोचं जुनं लुगडं ताणलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सोनाजी आपल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर दात घासतोय! जिन्यावर कुणी दात घासतं का?

“गोडीनं घ्या जरा,” म्हणत चतुराबाईनं त्याच्याकडं ताटलीभर भजी पाठवायचं काढलं. स्वतःच घेऊन गेली. पुंजाराम लुगड्याच्या फटीतून बघत राहिला. सोनाजीनं ताटलीकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि हलक्या आवाजात बराच वेळ काहीतरी सांगितलं. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

ताटली भरलेलीच परत आली.

“काय म्हणत होता?”

“काय नाय. मीठ जास्त पडलं म्हणे.”

एक भजं न खाता मीठ कळलं! इतके दिवस संशय एकावर होता, आता दोघांवर झाला.

हंगाम सरत आला होता. पानं करपू लागली. बुडाशी गोटी असलेली एकच कळी उरली होती, उद्या-परवा उमलणारी. शेवटची. आणि नेमकं त्याच संध्याकाळी चतुराबाई म्हणाली,

“अहो, पिशोरला जाऊन या की. भावाला भेटून किती दिस झाले.”

“आजच?”

“पिशवी भरून ठेवलीय.”

पुंजारामनं पिशवी उचलली. पण गेला तो फक्त कोपऱ्यावरच्या मावसभावाकडं. उजाडता उजाडता मागच्या बोळातून परतला आणि पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसला.

कळी उमलली होती. आज वेचणारं कुणी नव्हतं, म्हणून वांझोटी फुलंही मांडवभर पिवळी फुलून डुलत होती.

फाटक किरकिरलं. उघडलं ते चतुराबाईनंच.

“या भाऊजी, झटक्यात उरका. त्यांचा काय भरवसा नाय.”

सोनाजी आत आला. इकडं तिकडं बघत त्यानं एक वांझोटं फूल खुडलं. पाकळ्या सोलून फेकल्या. उरलेला पिवळा दांडा घेऊन तो शेवटच्या फुलावर वाकला आणि आत काहीतरी चोळू लागला.

“पकडला!” पुंजारामनं झेप घालून त्याचं मनगट धरलं. “करणी करतो व्हय रं? अन् तू, चतुरे, घरातली असून फितूर?”

“करणी नाय भाऊ, लगीन लावतोय,” सोनाजी मनगट न सोडवता म्हणाला. “हे नराचं फूल, ते मादीचं. ह्याची भुकटी तिला लागल्याबिगर डांगर धरतच नाय. दोन महिने हेच सांगाया बघतोय.”

“अन् सोडा त्यांचा हात,” चतुराबाई म्हणाली. “हा एक तरी वाचू द्या. बाकीचे सगळे नवरदेव रोज सकाळी तुम्हीच चहासंगं खाल्लेत.”