मधली जाळी

नातीने काचेच्या टाकीत दुसरा ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यात राहणारा पालीसारखा प्राणी, सोडला, पण मध्ये जाळी लावून. "आजोबा, आपला जुना चावरा आहे. नव्याचा पायच तोडेल. आधी लांबून सवय होऊ दे."

"माझ्या सावत्र आईनंही मला अशीच सवय लावली. ती घरात आली त्या दिवशी मी तिच्या हाताला कडकडून चावलो होतो."

"तुम्ही चावायचात?"

"दात होते ना तेव्हा! पण ती रागावली नाही. मला वाढून द्यायची आणि स्वतःचं ताट घेऊन लांब दाराशी बसायची. ना हाक, ना लाड."

"मग जवळ कधी आली?"

जुना ॲक्सोलॉटल एव्हाना जाळीला नाक लावून थांबला होता.

"ती नाही आली. एक दिवस मीच माझं ताट उचललं आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो."