चालीचा शेवट

नाझिफेनं चहाचा पेला बशीत ठेवला तो आडवाच. चहा बोटीच्या फळ्यांवरून वाहत गुल्देनच्या बुटापाशी गेला.

"आई, अजून परत फिरता येईल," पाय उचलत गुल्देन म्हणाली. "तो माणूस हसेल आपल्याला."

"हसू दे."

"ही रॉकवाली पोरं जुन्याच चाली उचलतात गं. कुठल्यातरी खेड्यातल्या म्हातारीची अंगाई घ्यायची, वर गिटार चढवायची, झालं गाणं. तुला ती दादाची वाटते, पण तशा शंभर चाली असतील."

"तशी एकच आहे."

बोट कादिकोयच्या धक्क्याकडे वळली. नाझिफे पाण्याकडे बघत राहिली. समोर आईच्या मांडीवर बसलेली एक छकुली मात्र नाझिफेच्या तोंडाकडे टक लावून मान डोलावत होती. लक्ष गेलं तशी नाझिफेनं तिला बोटं हलवून दाखवली.

तुंजायनं ती चाल स्वयंपाकघरात बांधली होती. नाझिफे घेवड्याच्या शेंगा सोलत होती आणि तो समोर साझ घेऊन तारा छेडत होता. चाल वर चढायची, कड्यापाशी आल्यासारखी थबकायची आणि तिथंच तुटायची.

"शेवट सापडत नाही, आई."

"आधी जेव. मग सापडेल."

त्या संध्याकाळी दाराशी पोलिसांची गाडी आली. तुंजायला दोन प्रश्न विचारून सोडतो, म्हणाले. गुल्देन तेव्हा शाळेतही जात नव्हती. साझ भिंतीवर राहिलं, चाल नाझिफेच्या डोक्यात. तिनं ती कधी कुणापुढे म्हटली नाही. तसं ती शपथेवर सांगेल.

दर शनिवारी ती चौकात बसते. तिच्यासारख्याच बायका, ज्यांची नेलेली माणसं परत आली नाहीत, मांडीवर आपापल्या माणसाचा फोटो. अट एकच: घोषणा नाही, रडणं नाही, तोंडातून अवाक्षर नाही. शेजारी मेलिहा असते, तिचा नवरा नेला. मेलिहा अधूनमधून तिला कोपरानं ढोसते. बसल्याबसल्या डोळा लागला असेल असं समजून नाझिफे डोक्यावरचा रुमाल सारखा करते.

आणि गेल्या आठवड्यात भाजीवाल्याच्या रेडिओवर ती चाल लागली. ढोल-गिटारच्या गदारोळात चढली, थबकली, पण तुटली नाही. हळूच तीन पायऱ्या उतरून खाली आली. नाझिफेच्या हातातली वांगी रस्त्यावर गडगडली.

चालीला शेवट होता. तो तुंजायशिवाय कोण लावणार? म्हणजे त्या संध्याकाळनंतरही तो होता. कुठंतरी बसून त्यानं चाल पुरी केली होती.

बँडची जागा एका तळघरात होती. गाणारा ओरचुन दार उघडून उभा राहिला. लांब केस, हातात अर्धा खाल्लेला सिमिट पाव, दाढीत त्याचे तीळ.

"मावशी, हक्काबिक्काचं असेल तर आमच्या वकिलाशी बोला."

"मला हक्क नको रे बाळा. त्या गाण्याखाली चाल कुणाची म्हणून लिहिलंय?"

"अनामिक. जुन्या चालींचं असंच असतं. ज्याच्या तोंडून ऐकली त्याचं नाव ठाऊक असेल तर ते लिहायचं, नाहीतर अनामिक."

"तू कुणाच्या तोंडून ऐकलीस?"

ओरचुन दाढी खाजवायला लागला.

"सांगून टाका," गुल्देन म्हणाली. "नाहीतर ती इथंच ठाण मांडेल. बसायची सवय आहे तिला."

"दिसलंच नाही हो कोण ते. गर्दी होती. मी मागे होतो, फोन तेवढा डोक्यांवरून पुढे धरून आवाज टिपला."

"कुठल्या गावी?"

"गावी कशाला? इथंच, इस्तंबूलमध्ये. मागच्या वसंतात."

नाझिफे उंबरा ओलांडून आत आली. इथंच. मागच्या वसंतात.

"आणि शेवट? तो तू लावलास?"

"छे! आम्ही एक सूर हलवला नाही. त्या शेवटासाठीच तर उचलली चाल. दारात उभं राहून कुणीतरी पोराला जेवायला हाक मारावी, तसा आहे तो."

"गाणारा केवढा होता?"

"गाणारा नाही. बाई होती. वयस्कर."

"आई, चल," गुल्देननं तिचा दंड धरला. "ऐकलंस ना? बाई होती. दादा नव्हता."

पण नाझिफेचं मन पुढे पळालं होतं. बाई! म्हणजे त्यानं कुणालातरी ती शिकवली. कुणीतरी त्याला घरात घेतलं, गरम सूप दिलं, अंगावर पांघरूण घातलं. तिच्यासमोर बसून त्याला शेवट सापडला. ती बाई भेटली तर नाझिफे तिचे हात ओठांना लावणार होती, कपाळाला लावणार होती. आणि मग विचारणार होती, कुठाय तो?

"ऐकव," ती म्हणाली. "तुझ्या आईची शपथ आहे तुला."

ओरचुननं फोन टेबलावर ठेवला. आधी ट्रामची घंटा वाजली. कबुतरं फडफडून उडाली. मग सगळं शांत, इतकं शांत की एवढ्या मोठ्या शहरात ते कुठं मिळालं असेल असं वाटावं. आणि त्या शांततेतून एक कापरा, घोगरा आवाज गुणगुणायला लागला.

गुल्देननं डोळे मिटून घेतले.

नाझिफे फोनवर वाकली. तिनं कान अगदी जवळ नेला. चाल चढली, थबकली, तीन पायऱ्या उतरली. कोण असेल ही? आवाज काही केल्या तिच्या ओळखीचा वाटेना.

"एवढंच घेतलं आम्ही, पुढचं कधी ऐकलं नाही," ओरचुन म्हणाला, पण गुणगुणणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तेवढ्यात त्याच्या अगदी जवळून मेलिहाचा दबका आवाज आला, "नाझिफे, झालं का तुझं परत सुरू? गप्प बस ना गं."