साचलेलं पाणी

कोंडाजी खराटा आणि बादली घेऊन बंगल्याच्या मागच्या अंगणात आला, तेव्हा जनार्दन टबाच्या झाकणावर हात ठेवून उभा होता.

"साहेब, झाकन काडा. बगायचंय मला."

"टब रिकामा आहे, कोंडाजी. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"मग बगायला काय हरकत हाय?"

जनार्दन हलला नाही. धरणाकाठच्या माले गावाच्या वरच्या उतारावर हा बंगला त्यानं आणि बायकोनं, उज्ज्वलानं, निवृत्तीनंतर बांधला होता. तिचे गुडघे धरायचे, म्हणून मागं सागवानी टब बसवला. बाजूला लोखंडी बंब. त्यात लाकडं पेटवली की टबातलं पाणी फिरत फिरत तापायचं. साफसफाई कोंडाजीकडे. दर आठवड्याला बूच काढून पाणी सोडायचं आणि आतल्या फळ्या सोडा लावून घासायच्या. साबण नाही. लाकूड साबण पितं आणि मग पुढं कितीतरी दिवस फेस सोडत बसतं. उन्हाळ्यात उज्ज्वला गेली. तेव्हापासून टबावर झाकण होतं आणि कोंडाजीला काम नव्हतं.

"सुनेला पौडच्या दवाखान्यात ठिवलंय," कोंडाजी म्हणाला. "डेंगू."

"गौतमीला?"

"व्हय. आरोग्यवाल्या बाई आल्या व्हत्या सकाळी. म्हनल्या, घराच्या आसपास कुटं पानी साचलंय का बगा. घरातलं समदं पालथं केलं. रांजन, डबे, कोंबड्यांचं भांडं. कुटं काय न्हाई. मग वर नजर गेली."

कोंडाजीचं घर कुंपणाच्या लगेच खाली होतं. अंगणातून त्याचे पत्रे दिसायचे.

"कशी आहे ती?"

"पडून हाय. पोटात घोटभर पानी ठरत न्हाई."

जनार्दननं झाकणावरचा हात काढला आणि तो बाजूला झाला.

झाकणाच्या फळ्यांत फटी पडल्या होत्या. कोंडाजीनं ते उचललं. कुबट वास आला. पाणी काळपट हिरवं झालं होतं, कडेनं शेवाळ धरलं होतं. पृष्ठभागावर अळ्या वळवळत होत्या. दोघांची सावली पडली तशा त्या सगळ्या एकदम खाली गेल्या.

कोंडाजीनं झाकण बाजूला ठेवलं.

"तुमी म्हनला व्हता, रिकामा हाय."

"उज्ज्वलाला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती बसली होती यात," जनार्दन म्हणाला. "हे तेच पाणी आहे."

कोंडाजीनं बादली खाली ठेवली. तो म्हणाला, "वैनी असत्या तर त्येंनीच पयलं बूच काडलं असतं."

तो बाही वर करून वाकला.

"थांबा," जनार्दन म्हणाला. "मी काढतो."

त्यानं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बूच घट्ट बसलं होतं. गालाला शेवाळ लागलं, सदरा भिजला, तरी ते हलेना. मग एकदम निघालं आणि पाणी डचमळत खाली धावलं. जनार्दननं हात तसाच आत ठेवला. बोटांभोवतीची ओढ पार थांबली तेव्हा बाहेर काढला.

तोवर कोंडाजी पाणी वळवायला फावड्यानं दंड काढत होता. "खाली माज्या घराकडं नको जायला. हिकडं मुरमावर पसरू दे. उनात मरतील."

मग जनार्दन पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टबात उतरला. फळ्या बुळबुळीत झाल्या होत्या. गुडघे टेकून तो खालपासून घासत गेला. कोंडाजी वरून पाणी ओतत होता, मधेच कुठं राहिलं ते बोटानं दाखवत होता. शेवटी लाकडाचा मूळचा रंग दिसायला लागला.

"आता भरा," कोंडाजी म्हणाला. "कोरडा ठिवला तर फळ्या आकसत्यात. मग गळतोय." त्यानं हात पुसले. "मी निगतो. पोरगं तितं दवाखान्यात तिच्यापाशी एकटंच बसलंय."

"गाडी काढतो. सोडतो तुम्हाला."

"नको. येस्टी यील आता."

"कोंडाजी..."

"नको म्हनलं ना, साहेब."

तो कुंपणाच्या फाटकातून उतरून गेला. जनार्दननं नळी टबात सोडली. मग गाडीची किल्ली घेऊन तो दारात येऊन बसला. एसटी आली, गेली. तो तिथंच बसून राहिला.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला.

"ताप उतरलाय," पलीकडून कोंडाजी म्हणाला. मागं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. "पेज प्याली वाटीभर. ठरली पोटात. डाक्टर म्हनले, आता भ्यायचं कारन न्हाई."

जनार्दननं किल्ली खाली ठेवली.

"हायेत का, साहेब?"

"आहे."

"टब भरला?"

"भरला."

"मग तापवा आन् बसा. नुसतं साचवून ठिवू नका."

जनार्दननं बंब पेटवला. लाकडं ओलसर होती. धूर बराच झाला. धरणावरचा उजेड उतरत आला तसं पाणी तापलं. तो सावकाश आत उतरून बसला. पाणी छातीपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

दोघं उतरले की ते काठावरून सांडायचं. खालची फरशी भिजायची आणि उज्ज्वला दर वेळी म्हणायची, "गेलं बघा फुकट."

आज ते काठाच्या वीतभर खाली थांबलं होतं. जनार्दननं जरा वेळ वाट पाहिली. मग तो सरकून आपल्या नेहमीच्या बाजूला बसला. फरशी कोरडीच राहिली.