गाडीला पाल

दुकानात शिरायच्या आधीच लेकानं मला दटावलं, "आई, तिथं गप्प बसायचं." सत्तरीच्या आईला असं सांगतात होय?

कॅम्पिंगला जायचं म्हणून त्याला जीपच्या कडेला लावायचं कापडी छत हवं होतं. एक महागाचं, आपोआप उघडणारं. दुसरं निम्म्या किमतीत. पण त्यात पावसाचं पाणी साचून कापडाला पोट सुटतं, असं दुकानदारच म्हणाला. लेक घुटमळला.

मला राहवलं नाही. "एक खांब वीतभर खाली घ्या. वाऱ्याकडची दोरी आधी ताणा. थेंब थांबायचा नाही."

दुकानदारानं तसं बांधून वर बादली ओतली. पाणी सरळ निघून गेलं. "आजी, कुठं शिकलात हे?"

मेंढरांमागं फिरताना आमचं घर म्हणजे खांब-दोरीवर ताणलेलं कापडी पाल. हा लेक पालाखालीच जन्मला. त्यानंच अभिमानानं सांगावं म्हणून मी त्याच्याकडं पाहिलं.

तो हसून म्हणाला, "टीव्हीवर बघते काहीबाही."

मी पदर सावरला. "महागाचंच घे बाबा. स्वस्तातलं बांधायला पालातला हात लागतो, अन् त्याची तुला लाज वाटते."