वजन : नंतर

पडद्यावर लाल ओळ पुन्हा उमटली आणि सरांनी कपाळाला हात लावला.

"हॉस्पिटलच्या मॅडम लिफ्टपाशी आल्या आहेत. आणि हा प्रोग्राम अजून रडतोय?"

"रडायलाच हवं त्याने," सासूबाई म्हणाली. वय सव्वीस, लग्नाचा पत्ता नाही. पण तिच्या नजरेतून एक स्वल्पविरामही सुटत नसे, म्हणून ऑफिसने तिचं बारसं करून टाकलं होतं.

भानगड साधीच होती. नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स टॅबवर माहिती भरायची. प्रोग्राम त्या माहितीचं गाठोडं बांधून औषधांच्या खोलीत पाठवायचा आणि तिथे ते सोडलं की वजनावरून डोस निघायचा. वजनाच्या जागी आकडा हवा. पण दोन्ही हातांत बाळं असली की नर्स बिचारी वजन कधी करणार? ती टाइप करायची 'नंतर'. गाठोडं बांधताना कोणी हटकत नसे. सोडताना आकड्याच्या जागी शब्द निघाला की प्रोग्राम ठप्प.

"आकडा नसेल तिथे तीन किलो धर. एका ओळीचं तर काम," सर म्हणाले.

"नाही धरणार."

"म्हणजे?"

"वजन माहीत नाही, म्हणजे तीन किलो नाही, सर. ती ओळ माझ्या हातून लिहिली जाणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी ती म्हणाली, "बरं. पण आज तर आहे ना मी इथे."

सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, तोच दार उघडलं. हॉस्पिटलच्या मेट्रन आत आल्या आणि थेट पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चाचणीसाठी वॉर्डातली आजचीच माहिती येत होती. पडद्यावर लाल अक्षरं होती : खाट चार. वजन आकड्यात नाही. डोस काढलेला नाही.

"किरकोळ आहे, मॅडम," सर हसून म्हणाले. "संध्याकाळपर्यंत ही ओळ घालवतो. वजन नसेल तिथे आपोआप तीन किलो धरू. कुठे अडायला नको."

"अडायला हवं," सासूबाई मागून म्हणाली. सरांनी वळून असं पाहिलं, की दुसरी एखादी गप्प बसली असती. "मॅडम, तो आकडा यांनी मनाने ठरवलाय."

मेट्रननी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी वॉर्डात फोन लावला. "चार नंबरचं बाळ काट्यावर ठेव. हो, आत्ताच."

फोनमधून बारीकसं रडणं ऐकू आलं. थोड्या वेळाने लाल ओळ गेली आणि तिच्या जागी वजन आलं. एक किलो शंभर ग्रॅम. खाली डोस आला, थेंबभर.

मेट्रननी चष्मा काढला आणि त्या सरांकडे वळल्या.

"तुमचे ते तीन किलो," त्या म्हणाल्या, "कुठल्या बाळाचे होते?"