दोन नेमस्पेस

अर्धं संत्रं. शेजारची रिकामी खुर्ची. 'बेरीज' नावाची दोन फंक्शन्स. कल्याणी आणि प्रज्ञेशने मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी बिलांचा प्रोग्रॅम मिळून लिहिला. दोघांच्या फंक्शन्सची नावं सारखीच निघायची, म्हणून प्रत्येकाने आपापल्या नावाची नेमस्पेस, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा, केली. मग एकाचा कोड दुसऱ्याच्या कोडवर आदळेना. दिवाळीनंतर प्रज्ञेश नोकरी सोडून नागपूरला परतला. "अहो कल्याणी, हा कोड आहे की सोसायटीतल्या दारांवरच्या पाट्या?" टीमचे सुदर्शन सर म्हणाले. "सगळा कोड एकाच नेमस्पेसमध्ये आणा." तिने आणला; सारख्या नावाच्या दोन-दोन फंक्शन्सपैकी एकेकच ठेवलं. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. सर स्क्रीनकडे वाकले. उरलेली नेमस्पेस प्रज्ञेशच्या नावाची होती. "गेला तो, आणि नाव पुसलंत स्वतःचं?" "त्याचा कोड जास्त नीट आहे, सर." जायच्या आदल्या दिवशी डबा खाताना प्रज्ञेशने संत्रं सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं आणि विचारलं होतं, "येशील नागपूरला?" "बघू," ती म्हणाली होती.